सात फुटी बार टेबलावरचा पूल बघायला जास्त रंगतो, असं कुणाला वाटतं का?

निळा_खडू (कोलंबस, ओहायो)

गेली अकरा वर्षं मी इथे मंगळवारी रात्री पूलची लीग खेळतो. खेळतो म्हणण्यापेक्षा बघतो. संघात पाच जण, प्रत्येकाचा एक सामना. म्हणजे आपला एक संपला की उरलेले चार खुर्चीत बसून बघायचे. घरी आल्यावर यूट्यूबवर मोठ्या स्पर्धा असतातच. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय, ते इथे मांडतो. पूल बघायचा तर सात फुटी टेबलावरचा, त्यातही एट-बॉल.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूल म्हणजे क्यूने (काठीने) पांढरा मारून बाकीचे बॉल खिशांत घालायचे. एट-बॉलमध्ये एकाचे १ ते ७ (सॉलिड, एकरंगी), दुसऱ्याचे ९ ते १५ (स्ट्राइप, पट्ट्याचे), आणि आपले संपवून जो ८ घालेल तो जिंकला. टीव्हीवरच्या मोठ्या स्पर्धा नऊ फुटी टेबलावर होतात. त्याचं खेळायचं मैदान १०० इंच बाय ५० इंच. अमेरिकेतल्या बारमध्ये, बोलिंग ॲलीत, गावाकडच्या खाणावळीत जे नाणं टाकून खेळायचं टेबल असतं ते सात फुटी, मैदान साधारण ७८ बाय ३९. इथले लोक त्याला बारबॉक्स म्हणतात. बॉल मात्र दोन्हीकडे तेच, सव्वादोन इंचांचे. म्हणजे जागा साठ टक्के आणि गर्दी तेवढीच.

या गर्दीमुळेच बघण्यात मजा येते. नऊ फुटीवर लांबचा बॉल घालणं ही हाताची परीक्षा असते. हात सरळ गेला की बॉल पडतो, आणि आपण वाहवा करतो. सात फुटीवर बहुतेक शॉट जवळचे. अडचण असते ती वाटेत उभ्या असलेल्या बॉलांची. त्यामुळे खेळाडूला बेत आखावा लागतो, आणि तो बेत बाहेर बसलेल्या माणसालाही वाचता येतो.

मागच्या महिन्यातला एक रॅक, म्हणजे एक डाव सांगतो. आमच्या विरुद्ध संघातला एक साठीचा माणूस. ब्रेकवर (डाव फोडायच्या पहिल्या शॉटवर) एक सॉलिड आणि एक स्ट्राइप पडला, त्यामुळे निवड त्याच्या हातात. स्ट्राइप मस्त पसरलेले होते. मी असतो तर डोळे मिटून स्ट्राइप घेतले असते. त्याने टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सॉलिड घेतले. कारण ६ नंबर एका कोपऱ्यातल्या खिशाच्या अगदी तोंडात लटकत होता, आणि ११ आणि १४ या दोन्ही स्ट्राइपना सरळ वाट होती ती त्याच खिशाकडे.

त्याने तीन बॉल घेतले. ६ ला हातही लावला नाही. मग त्याचा ५ नंबर १० च्या मागे अडकलेला होता, तिथे त्याने पांढरा हळूच कुशनला (टेबलाच्या कडेला) टेकवून सेफ्टी खेळली, म्हणजे समोरच्याला सोपा शॉटच मिळू नये असा शॉट. आमच्या मुलाने सेफ्टीतून सुंदर सुटका केली, ओळीने चार स्ट्राइप घातले, त्यात तो १० पण गेला. टाळ्या. मग उरले ११ आणि १४, आणि खिशाच्या तोंडात तो ६ तसाच बसलेला. आमच्या मुलाने १४ मारला, तो ६ वर आदळला, ६ आत, १४ बाहेर. पाळी गेली. त्या माणसाने २, ५ आणि ८ घालून हात मिळवला.

पहिल्या फेरीतच त्याला हे दिसलं होतं. मला ते शेवटी दिसलं. पुढच्या रॅकपासून मी खुर्चीत बसून आधी खिशांची तोंडं बघायला लागलो.

तुम्हाला काय वाटतं? बघता का कुणी?

---

पेठेतला_जुना (पुणे)

मनापासून लिहिलंय, पण मला पटत नाही. आम्ही स्नूकर आणि बिलियर्ड्स बघत मोठे झालो. ज्या शहरात विल्सन जोन्स जन्मले त्या शहरात लहान टेबलाचं कौतुक ऐकायला जड जातं. १९५८ साली जोन्स बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, कुठल्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. ते सगळं बारा फुटी टेबलावर. तिथे एका टोकाहून दुसऱ्या टोकाला लाल बॉल जातो तेव्हा हॉलमध्ये कुणी श्वास घेत नाही. तो क्षण तुमच्या सात फुटीवर येणारच नाही, कारण तिथे लांब असं काही नाहीच.

दुसरं म्हणजे सोपं पडतं. चांगले खेळाडू ब्रेक करतात आणि सगळं साफ करून जातात, समोरचा नुसता बसून. त्यात बघायचं काय?

---

अबोली_७ (ठाणे)

मी पूल कधीच खेळले नाही, पण तो ६ नंबरचा किस्सा वाचताना डोळ्यांसमोर कॅरम आला. आमच्या चाळीत गणपतीत स्पर्धा व्हायच्या. तिथे भिडू नेमकं हेच करायचे, खिशाच्या तोंडावर आपली सोंगटी ठेवून समोरच्याची वाट बंद. आणि बघणारी आम्ही पोरं चारी बाजूंनी वाकून, कारण सगळा बोर्ड एका नजरेत मावायचा. कोण कुठे अडकलंय ते खेळणाऱ्याच्या आधी आम्हाला कळायचं, आणि गप्प बसावं लागायचं!

---

निळा_खडू

अबोलीताई, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. तुमच्या प्रतिसादानंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. टेबलाचा किती भाग बॉलांनी झाकलेला असतो, याचा हिशोब केला. सगळे बॉल धरून, पांढऱ्यासकट.

स्नूकरमध्ये २२ बॉल आणि प्रचंड मैदान, पाऊण टक्का. नऊ फुटी पूल, सव्वा टक्का. सात फुटी बार टेबल, दोन टक्क्यांहून थोडं जास्त. आणि कॅरम, १९ सोंगट्या आणि स्ट्रायकर धरून २९ इंची बोर्डावर, तीन टक्के.

म्हणजे गर्दीच्या बाबतीत बार टेबल स्नूकरपेक्षा कॅरमच्या जवळचं आहे. मराठी माणसाला ते बघताना ओळखीचं वाटतं ते उगीच नाही. कॅरममध्ये पहिल्याच पाळीत राणीसकट सगळ्या पांढऱ्या घेतल्या की व्हाइट स्लॅम, तसा इथे ब्रेक अँड रन, ब्रेक करून त्याच पाळीत सगळं साफ. स्लॅम पडला म्हणून कॅरम बघायचं कुणी सोडलं नाही.

पेठेतले काका, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर नंतर सविस्तर लिहितो. तो खरा आहे.

---

सोअर_नदीकाठी (लेस्टर)

इंग्लंडातून हजेरी. आमच्याकडे पबमधलं टेबल वेगळंच. बाहेरून सहा किंवा सात फुटी, बॉल दोन इंचांचे, सात लाल, सात पिवळे, एक काळा. बऱ्याच टेबलांवर पांढरा बाकीच्यांपेक्षा थोडा लहान असतो, पावणेदोन इंचांहून जरा मोठा, म्हणजे नाण्याच्या टेबलात तो आकारावरून वेगळा होऊन परत बाहेर येतो.

आणि सर्वांत मोठा फरक खिशांचा. अमेरिकन खिशाचे कोपरे धारदार, आमचे स्नूकरसारखे गोलाकार. थोडा तिरका बॉल आला की दोन्ही ओठांवर थरथरून बाहेर. त्यामुळे टेबल लहान असूनही कुठलाच बॉल फुकटात मिळत नाही. पेठेतले काका, तुम्हाला श्वास रोखायचा असेल तर पबमध्ये काळ्यावर शेवटचा शॉट बघा.

आमच्याच गावचा मार्क सेल्बी. चार वेळा स्नूकरचा जगज्जेता, हे सगळ्यांना माहीत. पण त्याआधी २००६ मध्ये तो या लहान टेबलावरच्या एट-बॉलचा जगज्जेता झाला होता. त्याची सेफ्टी बघताना मला नेहमी वाटतं, हा माणूस गर्दीत वाट बंद करायला पबच्या टेबलावर शिकलाय. हे माझं मत, पुरावा काही नाही.

---

पेठेतला_जुना

सेल्बीचं ठाऊक नव्हतं. धन्यवाद. खिशांचा मुद्दा मान्य. स्नूकरचा खिसा असेल तर गोष्ट वेगळी.

---

कर्णधार_ताई (डॅलसजवळ)

मी लीगमध्ये संघाची कर्णधार आहे, त्यामुळे जरा जास्त लिहिणार.

निळा_खडू यांनी टेबलाबद्दल लिहिलं, पण बघण्यातली अर्धी मजा लीगच्या रचनेत आहे. आमच्या एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) लीगमध्ये एट-बॉलसाठी प्रत्येकाला २ ते ७ अशी पातळी असते. रात्री खेळणाऱ्या पाच जणांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. म्हणजे पाच दादा खेळाडू घेऊन कुणी येऊ शकत नाही. नवखे घ्यावेच लागतात. आणि ७ पातळीचा २ पातळीच्या समोर आला तर त्याला सात गेम जिंकायचे, समोरच्याला फक्त दोन.

आता असा सामना सात फुटीवर बघा. माझ्या संघात एक बाई आहेत, नातवंडं झाल्यावर क्यू हातात घेतला, पातळी २. नऊ फुटीवर त्यांचा पांढरा दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत दम टाकतो. सात फुटीवर त्या बॉल घालतात. गेल्या हंगामात त्या एका ७ च्या विरुद्ध उतरल्या. तो माणूस सफाईने चार गेम घेऊन गेला, मग एका गेमला ८ घालताना पांढराही आत गेला आणि गेम बाईंचा. दुसऱ्या गेमला त्यांच्या पुढ्यात तीन बॉल उरले. मी टाइमआउट घेतला, जवळ गेले आणि एवढंच म्हटलं, "मावशी, जोरात नको. पांढरा जागेवर थांबवा." त्यांनी पहिला मधल्या खिशात घातला, पांढरा थांबला. दुसरा घातला, पांढरा एक वीत पुढे. ८ कोपऱ्यात, सरळ, हातभर अंतरावर. त्यांनी क्यूची मूठ सोडून तळवा जीन्सला पुसला, परत पकडली, आणि घातला. आजूबाजूच्या चार टेबलांवरचे लोक खेळ थांबवून उभे होते.

हे मोठ्या टेबलावर घडलं नसतं. लहान टेबलावर कमी ताकदीचा माणूस जिंकू शकतो, आणि ते शक्य आहे म्हणून लोक बघत थांबतात.

---

अबोली_७

ताई, काटा आला वाचताना.

---

क्लबातला (कोल्हापूर)

नाण्याच्या टेबलाबद्दल एक विचारायचं होतं. इथे आम्ही आठ फुटीवर खेळतो, स्मॉल-बिग म्हणतो. अमेरिकेत एका नातेवाइकाकडे गेलो होतो तेव्हा बारमध्ये खेळलो. पांढरा मागे खेचायचा म्हणून नेहमीसारखा खाली मारला, तर तो मागे येईना, उलट पुढेच गेला. सगळ्यांसमोर दोनदा पांढरा खिशात. टेबल खराब होतं का?

---

निळा_खडू

टेबल नाही, पांढरा. जुन्या नाण्याच्या टेबलांत पांढरा ओळखून वेगळा करायला तो इतरांपेक्षा मोठा तरी ठेवत किंवा जड तरी. मोठा म्हणजे २ ३/८ इंच. हलक्या बॉलला जड बॉल भिडला की थांबत नाही, पुढे रेटत जातो. त्यामुळे ड्रॉ (पांढरा मागे खेचणं) निघत नाही आणि फॉलो (तो पुढे जाणं) मात्र सहज मिळतो. नंतर चुंबकाने ओळखला जाणारा पांढरा आला, तो बराच बरा.

बघणाऱ्यासाठी यातही एक गंमत आहे. जड पांढरा असला की जुने बारमधले खेळाडू ड्रॉच्या भानगडीतच पडत नाहीत. कुशनवरून फिरवून आणतात, किंवा असा क्रम लावतात की पांढरा नेहमी पुढेच जायला हवा. डेव्हिड मॅटलॉक हे नाव इथे बार टेबलाच्या बाबतीत आदराने घेतलं जातं ते याच कसबासाठी. पांढरा एक इंच जास्त नाही, एक इंच कमी नाही.

आता काकांचा मुद्दा. चांगले खेळाडू सात फुटीवर रॅकमागून रॅक साफ करतात आणि समोरचा बसून राहतो. खरं आहे. विशेषतः जिंकणाऱ्यालाच पुढचा ब्रेक मिळत असेल आणि खेळ नाइन-बॉल असेल तर. नऊच बॉल, क्रम ठरलेला, जवळचे खिसे. तो सामना मी पण बंद करतो. माझं म्हणणं सरसकट लहान टेबलाबद्दल नाही, लहान टेबलावरच्या एट-बॉलबद्दल आहे. पंधरा बॉल आणि क्रम आपला आपण ठरवायचा. वर पाळीपाळीने ब्रेक ठेवला तर कुणी अर्धा तास बसून राहत नाही.

शेन व्हॅन बोनिंग साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचा, त्या भागात लीग म्हणजे बार टेबल. पुढे तो नऊ फुटीवर यूएस ओपन पाच वेळा जिंकला आणि २०२२ मध्ये नाइन-बॉलचा जगज्जेता झाला. त्याला सात फुटीवर एट-बॉल खेळताना बघा. मोठ्या टेबलावर तो ब्रेकने आणि लांबच्या शॉटने घाबरवतो. लहानावर त्याचं दुसरंच रूप दिसतं: ब्रेक झाल्यावर थबकतो, एका चिकटलेल्या जोडीकडे बघत राहतो, आणि तिसऱ्याच शॉटला कुठलासा सोपा बॉल घालता घालता ती जोडी फोडून ठेवतो. नवखा माणूस ती जोडी शेवटाला ठेवतो आणि तिथेच फसतो.

---

पेठेतला_जुना

नाइन-बॉलमध्ये पुढचा नंबर कुठला ते बघणाऱ्याला माहीत असतं, म्हणून ते समजायला सोपं, असं मला वाटत होतं. तुम्ही नेमकं उलट म्हणताय.

---

निळा_खडू

समजायला सोपं आहेच, काका. पण मग आपण फक्त "घालतो की नाही" एवढंच बघतो. एट-बॉलमध्ये "आता कुठला घेईल" हा प्रश्न दर शॉटला येतो, आणि आपलं उत्तर चुकलं की का चुकलं ते दोन शॉटनी कळतं.

---

वरचा_कॅमेरा (बंगळूर, मूळ नाशिक)

मी सामने चित्रित करतो, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. टेबलाच्या टोकाला कॅमेरा लावला की नऊ फुटीवर पलीकडच्या खिशाजवळचे बॉल शेंगदाण्याएवढे दिसतात. कुठला कुणाला चिकटलाय हे कळत नाही. मग वरून कॅमेरा लावायचा. साध्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात कुशनसकट सगळं टेबल मावायला सात फुटीसाठी जमिनीपासून साधारण साडेआठ फूट उंची लागते. नऊ फुटीसाठी दहा फूट. नेहमीच्या खोलीचं छत नऊ-साडेनऊ फूट. म्हणजे लहान टेबल छताला एक पट्टी ठोकून, एका फोनवर, पूर्ण आणि ठळक दिसतं. मोठ्या टेबलाला रुंद भिंग लावावं लागतं आणि कडा वाकड्या दिसतात.

आणि एक. बॉल तेवढेच, टेबल लहान, म्हणजे पडद्यावर प्रत्येक बॉल सव्वापट मोठा दिसतो. फोनवर बघणाऱ्याला नंबर वाचता येतो. आज बरेच लोक फोनवरच बघतात.

१९६९ मध्ये बीबीसीने रंगीत टीव्हीसाठी एकेका फ्रेमचा स्नूकरचा कार्यक्रम सुरू केला आणि त्या खेळाचं नशीब पालटलं. रंगीत पडद्याला रंगीत बॉल जमले. फोनच्या पडद्याला बार टेबल जमतं असं मला वाटतं.

मागे एका ठिकाणी स्पर्धा चित्रित करायला गेलो होतो. आयोजकांनी टेबलं इतकी चिकटून लावली होती की प्रेक्षकाला उभं राहायला जागा नाही, आणि टेबलावरच्या दिव्याची सावली प्रत्येक कुशनवर. खेळ उत्तम झाला, बघितला कुणीच नाही. अजून वाईट वाटतं. लहान टेबल घेतलं म्हणजे लहान जागा पुरते, हा हिशोब चुकीचा. वाचलेली जागा प्रेक्षकाला द्यायला हवी.

---

सोअर_नदीकाठी

शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. पबमध्ये लोक टेबलाला जवळजवळ टेकून उभे असतात. कुशनच्या लाकडावर पुढच्या माणसाचं नाणं ठेवलेलं, जिंकेल तो टेबलावर राहणार. बघणारा प्रत्येक जण पुढचा खेळाडू असतो, म्हणून तो लक्ष देऊन बघतो. समोरचा डावीकडच्या कोपऱ्यात कच्चा आहे, हे नाणं ठेवून उभं असतानाच कळतं.

---

कर्णधार_ताई

हो, आणि लास वेगासला राष्ट्रीय स्पर्धेत गेले होते तेव्हा एका हॉलमध्ये शेकडो सात फुटी टेबलं ओळीने मांडलेली. सुरुवातीला वाटलं, कुठे बघू? मग एका टेबलाभोवती माणसांचं कडं दिसलं की तिकडे जायचं. कुठला सामना रंगलाय ते असं लांबून समजतं.

---

पेठेतला_जुना

काल रात्री तीन सामने बघितले. सात फुटी, एट-बॉल. नातू शेजारी बसला होता.

लांबचा पॉट मला अजूनही हवा आहे आणि तो इथे मिळत नाही, हे माझं म्हणणं कायम. पण दुसऱ्या सामन्यात एक गोष्ट घडली. खेळाडूकडे ४ नंबर मधल्या खिशापाशी, लहान मूलही घालेल असा. तो सोडून त्याने पलीकडच्या कुशनला चिकटलेला ७ घ्यायचा प्रयत्न केला आणि चुकला. मी म्हटलं, हा काय वेडेपणा. नातू म्हणाला, "आजोबा, ४ असेपर्यंत त्या माणसाचा १३ मधल्या खिशात जात नाही ना." त्याने कॅरमच्या डोळ्याने पाहिलं. मी स्नूकरच्या डोळ्याने पॉट शोधत होतो.

एक शंका. ७ चुकला तेव्हा पांढरा मुद्दाम ८ च्या मागे गेला होता की नशिबाने?

---

निळा_खडू

काका, दुवा पाठवलात तो बघितला. मुद्दाम. शॉटचा वेग बघा. ७ घालायला लागतो त्यापेक्षा हळू मारलाय, म्हणजे ७ पडला नाही तरी पांढरा ८ च्या आडोशाला थांबावा. पडला असता तर ४ घ्यायला मोकळा होताच. एकाच शॉटमध्ये दोन्ही सोयी.

एक सुचवतो. येत्या रविवारी मी एका सामन्याचा दुवा इथे टाकतो. प्रत्येक ब्रेकनंतर बॉल थांबले की व्हिडिओ थांबवायचा, सॉलिड की स्ट्राइप आणि पहिला बॉल कुठला ते इथे लिहायचं, मगच पुढे बघायचं.

---

अबोली_७

मी आहे. नंबर ओळखायला शिकते तोवर.

---

क्लबातला

मी पण. आमच्या क्लबातल्या चौघांना सांगतो.

---

निळा_खडू

दुवा टाकलाय. पहिला ब्रेक ०:४२ ला. काही पडलं नाही, पाळी दुसऱ्याची, टेबल खुलं, म्हणजे सॉलिड की स्ट्राइप ते अजून ठरलेलं नाही. थांबवा.

---

पेठेतला_जुना

नातवाचं आणि माझं एकमत. स्ट्राइप. पहिला ९, मग १२. पण ८ डाव्या लांब कुशनला चिकटलाय, तो कसा सोडवायचा ते अजून दिसत नाही. दहा मिनिटं झाली, पडदा थांबलेलाच आहे.